आपले नाव आपणच सांगावे



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या स्मरणिकेसाठी कोणी सहलींच्या आठवणी लिहिल्या, कोणी पाककृती दिल्या, कोणी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. माझ्याकडे अध्यक्षाबाईंनी वेगळाच विषय सोपवला. गावाच्या आणि शहराच्या कारभारात बायका आपणहून कशा पुढे आल्या, ते लिहा, असे त्यांनी सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु वाचनालयातून आणलेली पुस्तके दुपारच्या सवडीत वाचता वाचता मला वाटू लागले की, हा इतिहास आपल्यासारख्याच बायकांचा आहे आणि तो आपल्याला आपल्या भाषेत कोणी सांगितलेला नाही. म्हणून हे धाडस करीत आहे. गोड मानून घ्यावे.

येत्या पंचायत निवडणुकीचा विषय आपल्या मागच्या सभेत निघाला होता, हे आपल्याला आठवत असेल. आपल्या नऊ जागांच्या पंचायतीत पाच जागा स्त्रियांच्या आहेत. "आपल्यापैकी कोण उभे राहणार?" असे अध्यक्षाबाईंनी विचारले, तेव्हा बावीस जणी हजर असून एकीनेही मान वर केली नाही. शेवटी एकजण म्हणाली, "घरची माणसे ठरवतील ते खरे." ते उत्तर मनात ठेवूनच मी पुढचे सारे लिहिले आहे.

गावाचा आणि शहराचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी पाहावा, ही आजची पद्धत इंग्रजी अमदानीत रुजली. १८८२ साली लॉर्ड रिपन या व्हाइसरॉयने स्थानिक कारभारात लोकांना वाटा देण्याचा ठराव केला. पुढे १९२० आणि १९३३ साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचे कायदे झाले. त्यापूर्वी गावाला पंचायत नव्हती असे नाही. पाटील, कुलकर्णी, गावातील वडीलधारे, बलुतेदार अशी मंडळी चावडीवर बसून तंटे तोडीत. परंतु चावडी ही पुरुषांची जागा होती. चावडीपुढून जाताना बाईने पायातली वहाण हातात घ्यावी आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढावा, ही रीत आपल्यापैकी अनेकींच्या सासवांनी पाळलेली आहे. विहीर कोठे खणायची हे चावडीवर ठरे, आणि त्या विहिरीचे पाणी जन्मभर ओढणारी मात्र खाली मान घालून पुढे जाई.

शहरातही स्थिती फारशी निराळी नव्हती. १९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलांना सक्ती करू, मुलींचे मागाहून पाहू, असे पुष्कळ सभासदांचे मत होते. सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांना हे मान्य झाले नाही. त्यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रियांनी सभा भरवल्या आणि मुलींनाही सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून नगरपालिकेवर मोर्चा नेला. त्या काळी घरंदाज बायकांनी रस्त्यावरून मोर्चाने जाणे ही केवढी मोठी गोष्ट असेल, याची कल्पना आपण करू शकतो. परंतु या प्रसंगातली दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. प्रश्न मुलींचा, मागणाऱ्या त्यांच्या आया, आणि आत बसून ठरवणारे सगळे पुरुष. बायका दारापर्यंत आल्या होत्या, दाराच्या आत अजून कोणी नव्हती.

ते दार लवकरच उघडले. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मतदानाचा हक्क मान्य केला. मालमत्तेची अट असल्यामुळे तो थोड्याच जणींना मिळाला, तरी सुरुवात झाली. १९२३ साली मुंबई महापालिकेत पहिल्यांदा स्त्री सभासद बसल्या. त्यांत सरोजिनी नायडू होत्या आणि आपल्या मराठी अवंतिकाबाई गोखलेही होत्या.

अवंतिकाबाईंविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्या महापालिकेत एकदम जाऊन बसल्या नाहीत. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. १९१७ साली महात्मा गांधींनी बिहारमधील चंपारणात निळीच्या मळ्यांवर राबणाऱ्या शेतकऱ्यांचे काम हाती घेतले, तेव्हा त्या खेड्यांत शाळा चालवण्यासाठी आणि स्वच्छता शिकवण्यासाठी त्यांना स्वयंसेवक हवे होते. मुंबईहून अवंतिकाबाई आणि त्यांचे पती बबनराव गेले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या बायकांची हकिकत सांगितली आहे. गुजरातेतून आलेल्या काही जणींना थोडे गुजराती लिहिता-वाचता येई, एवढेच. हिंदी येत नाही, मग मुलांना शिकवायचे कसे, असा त्यांना प्रश्न पडला. गांधीजींनी त्यांना समजावले की, व्याकरण आणि गणित यांपेक्षा मुलांना स्वच्छता आणि चांगल्या सवयी लावणे हे मोठे काम आहे, आणि ते तुम्हाला येते. पुढे अनुभवाने त्यांचा धीर वाढला आणि त्यांचे वर्ग उत्तम चालले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, अवंतिकाबाईंनी मुंबईत हिंद महिला समाज काढला आणि त्याच साली गांधीजींचे मराठी चरित्रही लिहिले. आधी खेड्यातील शाळा, मग बायकांची संस्था आणि त्यानंतर महापालिका, असा त्यांचा क्रम आहे. हा क्रम लक्षात ठेवावा. पुढेही तो दिसतो.

स्वातंत्र्य आले. घटनेने एकवीस वर्षांवरील प्रत्येकास मत दिले. पुढे १९८९ पासून ते वय अठरा झाले. शिक्षण, पैसा, जात, स्त्री-पुरुष असा काहीच भेद ठेवला नाही. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी एक अडचण उभी राहिली, ती वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मतदारांची यादी करणारे कारकून घरोघरी गेले, तेव्हा उत्तरेकडील प्रांतांत लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, अशी रीत होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हुकूम काढला की, बाईचे स्वतःचे नाव नसेल तर ती नोंद धरू नये. त्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. मत होते, कायदा होता, मतपेट्या होत्या. केवळ नाव सांगितले नाही म्हणून २८ लाख मते गेली.

आपल्याकडे इतके टोक नव्हते, हे खरे. तरी बाईने नाव घ्यायचे म्हणजे नवऱ्याचे, आणि तेही उखाण्यात. आजही दारावर कोणी आले आणि "घरात कोण आहे?" असे विचारले, तर आपण "कोणी नाही" असे सांगून टाकतो. आपण स्वतः दारात उभ्या असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही!

आता मुंबईजवळच्या गोरेगावाकडे वळू. आज ते मुंबईचे उपनगर असले तरी १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत येण्यापूर्वी तेथे ग्रामपंचायत होती. मृणाल गोरे या डॉक्टरीचे शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडलेल्या बाई लग्नानंतर तेथे राहत होत्या. बायका जमवणे, कुटुंबनियोजनाची माहिती देणे, वस्तीतल्या अडचणी समजून घेणे हे त्यांचे काम महिला मंडळातून चालू होते. आपल्या मंडळासारखेच ते मंडळ. त्या कामातूनच १९५० च्या दशकात त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीवर निवडून गेल्या. १९५८ साली त्यांचे पती केशव गोरे वारले. पदरी लहान मुलगी होती. तरी बाईंनी काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि उपनगरांतल्या पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी इतके रान उठवले की, लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात मृणालताईंच्या बरोबर अहिल्या रांगणेकर होत्या. त्याही महापालिकेत काम केलेल्या. पुढे मृणालताई विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत गेल्या. २०१२ साली त्या निवर्तल्या, तेव्हाही लोकांना आठवली ती पाणीवाली बाईच. दिल्लीपर्यंत गेलेल्या या बाईंची पहिली पायरी एका ग्रामपंचायतीची होती आणि त्याही आधीची पायरी महिला मंडळाची होती, हे आपण विसरू नये.

खेड्यापाड्यांत मात्र काम सावकाश चालले. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव ठेवण्यात आल्या. कायदा चांगला होता, परंतु त्या दोन जागी कोण, हे बहुधा गावचे पुढारी ठरवीत. कोणाची सून, कोणाची भावजय अशी सोय पाहून नावे घातली जात. सभेची नोंदवही घरी जाई आणि बाई चुलीपुढून उठून सही किंवा अंगठा करी. तरीसुद्धा याच काळात, १९६० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात निंबूत गावी सबंध पंचायतच स्त्रियांची निवडून आली होती. साठ वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचले आणि जमले, त्या गावाला नमस्कार केला पाहिजे.

यानंतरची मोठी गोष्ट घडली ती नाशिक जिल्ह्यातील चांदवडला. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन तेथे भरले. लाखाहून अधिक शेतकरी स्त्रिया त्याला आल्या होत्या. ट्रकांतून, बैलगाड्यांतून, भाकरी बांधून आलेल्या या बायकांनी स्थानिक निवडणुका स्त्रियांनी लढवाव्यात, असा विचार तेथे केला. त्या काळी राज्यात निवडणुका लांबत होत्या. १९८९ साली ग्रामपंचायतींच्या निवडणुका आल्या, तेव्हा काही गावांत सर्व जागांवर स्त्रियाच उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा ही त्यांतली नावाजलेली गावे. लक्षात घ्या, त्या वेळी निम्म्या जागांची राखीव सोय नव्हती. या बायका पुरुषांसाठीही मोकळ्या असलेल्या जागांवर उभ्या राहिल्या होत्या.

अशा सर्व-स्त्री पंचायतींची पाहणी करून १९९८ साली बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेले एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे नावच 'मग पोळ्या कोण करणार?' अशा अर्थाचे आहे. माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने ते मला सांगितले, तेव्हा मला हसू आले. कारण बाई घराबाहेर निघाली की, हाच प्रश्न आपल्या गावातही पहिला निघतो. पंचायतीत पुरुष निवडून आला, तर त्याच्या वाटणीचे शेत कोण नांगरणार, असे कोणी विचारीत नाही.

विटनेरचे आणखी एक सांगायचे राहिले. शेतकरी संघटनेने त्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम काढला होता. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यावा, आणि ज्या गावात शंभर घरांनी असे केले त्या गावाचा सन्मान संघटनेचे नेते शरद जोशी यांनी स्वतः तेथे जाऊन करावा, अशी ती योजना. विटनेर हे त्यात पुढे राहिलेले गाव. म्हणजे ज्या गावातल्या बायका पंचायतीच्या यादीत नाव घालू शकल्या, त्यांची नावे सातबाऱ्यावरही चढली. एका नावाने दुसऱ्या नावाला वाट करून दिली.

या साऱ्याकडे सरकारलाही पाहावे लागले. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. डिसेंबर १९९२ मध्ये लोकसभेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती साऱ्या देशात लागू झाली. पंचायतीतल्या किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांच्या, आणि सरपंचाची पदेही त्याच प्रमाणात. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात. त्यांतल्या निम्म्या जागा आपल्या. आपल्या आज्यांना हे सांगितले असते, तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

परंतु भगिनींनो, कायद्याने खुर्ची मिळते. तीवर बसायची इच्छा कायदा देऊ शकत नाही. ती बाईच्या मनातूनच यावी लागते. जागा पाच आहेत, त्या रिकाम्या राहणार नाहीत, कोणीतरी बसेलच. प्रश्न इतकाच की, आपले नाव आपण सांगणार, की मागच्यासारखी आपली नावे ओसरीवर बसून दुसरे कोणी ठरवणार? दुसऱ्याने घातलेल्या नावाची बाई सभेत बसली, तरी बोलतो तिचा नवरा किंवा दीर. लोकांनी अशा गृहस्थांना 'सरपंचपती' असे नावही ठेवले आहे. यात त्या बाईचा दोष मी मानीत नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते, तर ती बोलणार काय? अवंतिकाबाई, मृणालताई, चांदवडला गेलेल्या त्या बायका, यांच्याकडे पाहिले म्हणजे मला तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली, त्या आधीपासूनच काही ना काही काम करीत होत्या. दुसरी, त्यांनी आपले नाव आपणहून दिले. आणि तिसरी, त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या पाठीशी आणखी बायका होत्या.

आता आपल्या मनातल्या शंकांकडे येते.

पहिली शंका शिक्षणाची. "आम्हांला काय कळते?" असे आपण म्हणतो. चंपारणातल्या त्या बायकांची गोष्ट वर सांगितलीच आहे. आणि कायदा काय म्हणतो? सदस्य होण्यासाठी वय एकवीस पूर्ण हवे, मतदारयादीत नाव हवे, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नसावी. शिक्षणाची अट पुष्कळ दिवस नव्हतीच. २०१७ साली सरपंचाची निवड थेट लोकांनी करण्याचा कायदा झाला, तेव्हा १९९५ च्या आरंभानंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अट आली. सातवी! भगिनींनो, माझ्या सातवीला उभ्या आयुष्यात एवढा मान कोणी दिला नव्हता.

दुसरी शंका, पंचायतीत असते तरी काय? असते ते आपलेच. नळाला पाणी किती वेळ यावे, गटार कोठून काढावे, खांबावर दिवा लावावा, जन्ममृत्यूची नोंद ठेवावी, अंगणवाडीची खोली दुरुस्त करावी. घरखर्चाची वही आपण रोज लिहितो. पंचायतीचे अंदाजपत्रक ही गावाची घरखर्चाची वही. जमा किती, खर्च किती, उधारी कोणाची, हे तर आपल्याला पाठ असते. पंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी खर्च करावेत असा नियम आहे. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असाही नियम आहे. आपल्या गावात ते १० टक्के कोठे गेले, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय? आठवडी बाजारात बायकांसाठी शौचालय व्हावे म्हणून मंडळाने तीन वेळा अर्ज दिला. तिन्ही वेळा "विषय पुढच्या सभेत घेऊ" असे उत्तर आले. सकाळी सातला भाजीची पाटी घेऊन येणारी बाई संध्याकाळपर्यंत पाणीही पीत नाही, का पीत नाही हे आपण सगळ्या जाणतो. पुण्याच्या बायका शंभर वर्षांपूर्वी दाराबाहेरून मागत होत्या. आपणही आज दाराबाहेरूनच अर्ज देतो. त्यांना आत जाता येत नव्हते, आपल्याला येते. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

तिसरी शंका, बाईला टिकू देतील काय? त्रास होतो, हे खोटे नाही. सही मागतात, कागद वाचू देत नाहीत, अविश्वासाचा ठराव आणून खाली खेचतात. हे इतके होऊ लागले की, स्त्रियांसाठी राखीव पदावर असलेल्या सरपंच बाईविरुद्धचा अविश्वास ठराव दोन-तृतीयांशांऐवजी तीन-चतुर्थांश मतांनीच मंजूर व्हावा, अशी तरतूद आपल्या राज्याला करावी लागली. यावर माझ्या मते उपाय एकच, बाईने एकटीने जाऊ नये. पाच जागांवर पाच निरनिराळ्या वाड्यांनी पाच सुना उभ्या केल्या, तर त्या सभेत एकमेकींकडे बघणारही नाहीत. मंडळातल्या तिघीजणी ठरवून गेल्या, तर एकीचा आवाज बसला तरी दुसरी बोलेल.

राहिला पोळ्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर मी असे सुचवते. जिची सभा असेल, तिच्या घरची त्या दिवशीची भाजीपोळी मंडळातल्या शेजारणीने करावी. लग्नकार्यात आपण दोनशे पानांचा स्वयंपाक उचलतो, तर महिन्यातून एका दिवशी चार माणसांच्या पोळ्या काही जड नाहीत. शाळेतून मुले आणणे, दवाखान्यात सासूसासऱ्यांना नेणे, हेही वाटून घेता येईल. दर महिन्याला मंडळाच्या सभेत अर्धा तास पंचायतीचे कागद वाचावेत. कळले नाही तर भाऊसाहेबांना मंडळात बोलावून विचारावे. ते पंचायतीचे सचिव आहेत, समजावून सांगणे हे त्यांचे कामच आहे. ग्रामसभेला आपल्या सदस्य बायकांबरोबर मंडळाच्या किमान दहाजणींनी जावे, आणि मागे भिंतीला टेकून न बसता पुढे सतरंजीवर बसावे. असे झाले, तर निवडून गेल्या तिघी तरी कारभार तीसजणी करतील.

या कामात पैसा नाही, हे मी लपवीत नाही. मिळते ते नाममात्र. उन्हातान्हातून तालुक्याला खेटे घालावे लागतात, वेळ जातो, बोल खावे लागतात, कधी आपलीच माणसे रुसतात. पाच वर्षे असे सोसून जे पदरी पडेल, ते आपल्या घरात येणार नाही. ते रस्त्यावरच्या दिव्यात, बाजारातल्या शौचालयात आणि वाडीवरच्या नळात दिसेल. ज्यांना हे पुरेसे वाटते, त्यांनीच पुढे यावे. मला ते पुरेसे वाटते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा उभे राहण्याचे माझ्या मनात नव्हते. लिहिता लिहिता ठरले. घरी यजमानांशी बोलणे झाले. ते दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरपट्टीची पावती काढून ठेवतो, अर्जाला लागेल." सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "जा की. पण गेलीस तर खाली मान घालून बसू नकोस. आमच्या माना त्यात गेल्या."

तेव्हा अध्यक्षाबाईंना विनंती की, वर्धापनदिनाच्या सभेत कागद फिरवावा आणि ज्यांना येत्या निवडणुकीत उभे राहायचे असेल त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर आपले नाव लिहावे. नवऱ्याचे नाव मागाहून लिहिता येईल, आधी आपले लिहावे. पहिली ओळ माझी धरावी. दुसरी आणि तिसरी ओळ मी आपल्यासाठी मोकळी ठेवते.

मंडळाची अशीच भरभराट होवो, अशी प्रार्थना करून लेखणी ठेवते.

आपली,
मंडळाची एक सभासद